खालची माणसं

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघून चेलाडी फाट्याला वळले, की नसरापूर मागे पडते आणि वाट गुंजवणीच्या खोऱ्यात शिरते. मार्गासनी याच वाटेवर आहे. राजगडाला निघालेली पोरे इथून साखरवरून गुंजवण्याकडे वळतात, तोरण्याची मंडळी सरळ वेल्ह्याला जातात. गावात कोणी थांबलेच तर चहापुरते. या गावातल्या एका घराच्या पडवीत गेल्या पावसाळ्यात एक चित्र हाताने पुन्हा रंगवले गेले. मूळ चित्र १ मार्च १७८८ चे, लंडनचे. जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले. ही पुस्तिका त्या चित्राची आणि त्याच्या मार्गासनीतल्या प्रतीची आहे. तिला प्रस्तावना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि ज्यांनी हे चित्र रंगवले ते चित्रकलेचे सर माझ्याच शाळेत, माझ्या शेजारच्या वर्गात, मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवत होते. पुस्तिकेवर त्यांनी स्वतःचे नाव घालू दिलेले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आधी चित्रात काय आहे ते सांगतो. त्याचे इंग्रजी नाव 'ब्लड ऑन थंडर फोर्डिंग द रेड सी'. समुद्र आहे, पण रक्ताचा. त्यात एक धिप्पाड माणूस उतरला आहे. अंगावर न्यायाधीशाचा झगा, डोक्यावर टोप. हा लॉर्ड थर्लो, इंग्लंडचा लॉर्ड चान्सलर. त्याच्या गडगडाटी बोलण्यावरून चित्रात त्याला 'थंडर' म्हटले आहे. त्याच्या खांद्यावर, जत्रेत बापाच्या खांद्यावर पोर बसावे तसा, बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज बसला आहे. तो 'ब्लड'. हाताशी पैशांच्या थैल्या. आणि खाली, त्या तांबड्या पाण्यात, हिंदी माणसांची छिन्नविच्छिन्न प्रेते तरंगत आहेत.

बायबलमध्ये मोझेस आपल्या लोकांना घेऊन तांबड्या समुद्राशी येतो आणि समुद्र दुभंगून वाट देतो. गिलरेचा समुद्र वाट देत नाही. तो माणसांच्या रक्ताने भरला आहे आणि त्यातून कोरडे पार व्हायचे तर कोणाच्या तरी खांद्यावर बसावे लागते. तो खांदा कोणाचा, यात चित्राची सगळी धार आहे. १३ फेब्रुवारी १७८८ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये हेस्टिंग्जवरचा महाभियोग उभा राहिला. एडमंड बर्कने चार दिवस भाषण केले. बनारसच्या चेतसिंगावरची जबरदस्ती, अवधच्या बेगमांची लुबाडणूक, ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यातला सारा जुलूम त्याने लॉर्डांच्या सभेपुढे मांडला. आणि त्या सभेच्या अध्यक्षपदी होता थर्लो, हेस्टिंग्जचा उघड पाठीराखा. खटला सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा गिलरेने न्यायाधीशाच्याच खांद्यावर आरोपीला बसवले. खटला पुढे सात वर्षे चालला आणि २३ एप्रिल १७९५ रोजी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला.

आमच्या मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात हेस्टिंग्ज येतो तो गव्हर्नर जनरल म्हणून, एका ओळीत. पण या डोंगराळ मुलखाशी त्याचा संबंध एका ओळीचा नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. गादीसाठी राघोबादादा इंग्रजांच्या दारात गेले. मुंबईकर इंग्रजांनी १७७५ मध्ये त्यांच्याशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या कौन्सिलने तो मोडीत काढून कर्नल अप्टनला पाठवले आणि १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर उघडिपीच्या दिवशी उभे राहिलात तर पूर्वेला पुरंदर आणि वज्रगड दिसतात. तो तह असा आमच्या नजरेच्या टप्प्यातला आहे. मग तोही मोडला. इंग्रज फौज बोरघाट चढून मावळात आली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कोंडली गेली. तिथे त्यांनी शरणागतीचा करार लिहून दिला. हेस्टिंग्जने तो नाकारला, बंगालमधून निघालेल्या गॉडर्डच्या फौजेकडे युद्ध सोपवले आणि ते १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालू राहिले.

त्या युद्धातली एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे. इंग्रजांना दाणावैरण मिळू नये म्हणून मराठ्यांनी तळेगाव स्वतःच जाळून रिकामे केले. डाव बरोबर होता, त्यानेच वडगाव जिंकले. पण तळेगावात ज्यांची घरे जळली त्यांची नावे कोणत्याही तहात नाहीत. याच लढाईत कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या धाडसावर खूश होऊन आपल्या लोकांनी त्याचे नाव 'इष्टुर फाकडा' करून टाकले आणि वडगावला त्याची समाधी आजही आहे. शत्रूच्या कप्तानाला आपल्या बोलीत नाव मिळाले, समाधी मिळाली, तिच्यापुढे हात जोडणारे मिळाले. मराठी मनाचा हा मोठेपणा मला नेहमी आवडत आला आहे. तरी सरांचे चित्र पूर्ण झाल्यापासून तळेगावची ती बिननावाची माणसे मला जास्त आठवतात.

गिलरेविषयीही थोडे सांगायला हवे, आणि त्यातले अवघड टाळून चालणार नाही. तो १७५६ चा. बाप सैनिक, लढाईत एक हात गमावलेला. पोराने आधी अक्षरे कोरण्याचे काम शिकून घेतले, मग रॉयल अकादमीच्या शाळेत गेला. पुढे हॅना हम्फ्री या बाईंच्या दुकानासाठी तो चित्रे करू लागला आणि त्यांच्याच घरी राहिला. दुकानाच्या काचेत नवे चित्र लागले की रस्त्यावर गर्दी जमे. ज्यांना विकत घेणे परवडत नसे तेही काचेतून बघत. उतारवयात त्याची दृष्टी अधू झाली, मग मनाचा तोल गेला आणि १८१५ मध्ये तो वारला.

याच गिलरेने दोनच वर्षे आधी, मे १७८६ मध्ये, हेस्टिंग्जच्या बाजूने चित्र काढले होते. त्यात हेस्टिंग्ज पौर्वात्य पोशाखात उंटावर बसला आहे आणि बर्क, लॉर्ड नॉर्थ, फॉक्स हे त्याचे विरोधक दरोडेखोर होऊन त्याच्यावर चालून येत आहेत. चित्राच्या नावातच हेस्टिंग्जला हिंदुस्थानचा तारणहार म्हटले आहे. दोन वर्षांत तारणहाराचा रक्तात न्हालेला माणूस झाला. १७९७ पासून गिलरेला सरकारकडून तनखाही मिळत होता. हे वाचले तेव्हा मला वाईट वाटले. ज्याच्या हातात एवढी ताकद आहे त्याने ती अशी दोन्हीकडे का चालवावी? सरांचे म्हणणे वेगळे होते. ते म्हणाले, "माणूस मला माहीत नाही. ही प्लेट मला माहीत आहे. ही खोटी नाही." मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे आणि आता त्यांच्या बाजूला आलो आहे. तनख्याने तनख्यानंतरचा गिलरे कदाचित कळेल. मार्च १७८८ मध्ये त्या माणसाने रक्ताचा समुद्र पाहिला होता, हे त्यामुळे पुसले जात नाही.

हाताने केलेली प्रत म्हणजे नक्कल, आणि नक्कल म्हणजे दुय्यम, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. या चित्राच्या बाबतीत ते मुळातच लागू पडत नाही. गिलरेचे 'मूळ' असे एक चित्र नाहीच. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, सुईने त्यावर रेघा ओढायच्या, पत्रा तेजाबात बुडवायचा. मेण निघाले आहे तिथे तेजाब तांबे खाते. त्या खाचांत शाई भरून कागदावर ठसा घ्यायचा. ठसा निघतो तो काळाच. रंग त्यानंतर, प्रत्येक कागदावर, हाताने. लंडनच्या दुकानदारांकडे हे काम करणारी माणसे होती. एकाच चित्राच्या दोन रंगीत प्रती शेजारी ठेवल्या तर रंग जुळत नाहीत: एकीत झगा गडद, दुसरीत फिका, एकीत आभाळ निळे, दुसरीत कोरे. त्या रंगवणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. सर म्हणाले, "मी त्यांच्यातला. सव्वादोनशेहून जास्त वर्षे उशिरा कामावर आलो एवढेच." नाव न घालण्याचे कारण ते हे.

नक्कल करणाऱ्या हातांचा मान राखायला महाराष्ट्राने तरी शिकले पाहिजे. अजिंठ्याची भित्तिचित्रे रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे लेण्यांत बसून उतरवली आणि त्यातल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या कला विद्यालयातल्या आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत बसला. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्यांनी केलेल्या प्रतींपैकीही बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. तरी ज्या उरल्या त्यांत आज भिंतीवर नसलेले काही दिसते, कारण मधल्या काळात भिंत झिजली. प्रत मुळाच्या पुढे जगते ती अशी.

आणखी एक योगायोग मला सांगितल्यावाचून राहवत नाही. गिलरे लंडनमध्ये ही चित्रे कोरत होता त्याच सुमारास, १७८६ मध्ये, सर चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा वकील म्हणून पुण्यात आला. त्याच्या आश्रयाने पुढे जेम्स वेल्स हा चित्रकार आला. त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची चित्रे केली आणि शनिवारवाड्यात पेशव्यांच्या आश्रयाने चित्रशाळा निघाली. तिथे तयार झालेले गंगाराम तांबट यांनी वेरूळची लेणी काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. आडनावच तांबट. तांब्यावर घाव घालणाऱ्या घराण्यातला माणूस पुण्यात विलायती पद्धतीने चित्र शिकत होता आणि तिकडे लंडनचा माणूस तांब्यावर हिंदुस्थान कोरत होता. दोघांची कधी गाठ पडली नाही. पडली असती तर गंगाराम तांबटांनी त्या तरंगणाऱ्या प्रेतांकडे कसे पाहिले असते, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

आपल्या मुलखात छापील राजकीय व्यंगचित्र आले ते लंडनच्या 'पंच'च्या वळणाने. मुंबईत १८५४ मध्ये 'पारसी पंच' निघाला, नंतर ठाण्याचा मराठी 'हिंदु पंच' आला. आमच्या पिढीने आर. के. लक्ष्मण आणि 'मार्मिक'मधले बाळासाहेब ठाकरे पाहिले. दोघांनाही ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लोचा रेघेवरचा ताबा मोलाचा वाटे. लोच्याही मागे या सगळ्यांचा एक पूर्वज उभा आहे, तो गिलरे. त्याचे चित्र मराठी मुलाने जवळून, अंगठ्याएवढ्या छपाईत नव्हे तर हातभर मोठे, पाहावे असे सरांना वाटले यात नवल नाही. गावात काहींनी विचारलेच, मागे राजगड-तोरणा उभे असताना गोऱ्याचे चित्र कशाला? सरांनी दोन्ही गड शंभरदा काढले आहेत. पण राजगड कोणी घेतला, कोणी राखला, हे पोरांना पाठ असते. पंत सचिवांच्या भोर संस्थानाखालचा हा मुलूख पुढे इंग्रजी अमलाच्या छायेत कसा गेला, तो अमल ज्यांच्या घरून आला तिथे त्याच्याविषयी कोण काय बोलत होते, हे कोणी सांगत नाही. गोऱ्यांच्या राजधानीत, गोऱ्याच माणसाने, भर खटल्यात हे चित्र काढून काचेत लावले. आमच्या मुलांना ते ठाऊक असावे.

आता पडवीतल्या कामाकडे येतो. ब्रिटिश म्युझियमने जगासाठी खुल्या ठेवलेल्या छायाचित्रावरून सरांनी मोठा प्रिंट काढला आणि त्यावर चौकोन आखले. साइनबोर्ड रंगवणारे पेंटर करतात तसेच: छोट्या चौकोनात जे आहे ते मोठ्या चौकोनात. प्लायवर जाड हँडमेड कागद ताणून चिकटवला. गिलरेची रेघ जागोजाग जाड-बारीक होते, कारण तेजाब कुठे जास्त खाते, कुठे कमी. ब्रशने ती जमेना. शेवटी त्यांनी बोरू तासला. ज्या बोरूने आमच्या पिढीने पुस्ती गिरवली, त्याच्या टोकातून गिलरेची रेघ बरोबर उतरली. थर्लोच्या टोपाचे केस काढायलाच नऊ दिवस गेले.

मग समुद्र. पहिल्यांदा सरांनी व्हर्मिलियन लावला. शाळेतून येणारी मुले दारात थांबली आणि एक जण म्हणाला, "सर, ही रंगपंचमी का?" सरांनी काही न बोलता ओल्या स्पंजने सगळा रंग उचलला. कागदावर गुलाबी डाग राहिला, तो अजून नीट पाहिला तर दिसतो. दुसऱ्यांदा क्रिमसन घेतला. ते सरबत झाले. तोवर जुलै लागला होता. भाताची आवणी चालू होती, गुंजवणी भरून वाहत होती, डोंगराची माती घेऊन, तांबूस आणि दाट. सर दोन दिवस पुलावर जाऊन उभे राहिले. नंतर गेरू, क्रिमसन आणि थोडी काळी शाई असे मिश्रण पातळ करून त्यांनी एकावर एक अकरा हात दिले. प्रत्येक हात वाळायला पावसाळी हवेत दीड-दोन दिवस. आता तो समुद्र भडक दिसत नाही, खोल दिसतो. गिलरेच्या कोणत्या प्रतीत असा रंग आहे असे विचाराल तर मला सांगता येणार नाही. रंगवणाऱ्याला रंगाची मोकळीक तेव्हाही होती. सरांनी तेवढीच घेतली. रेघ एकही हलवली नाही.

आणि त्याच दिवसांत शेजारच्या आजी आवणीवरून परतताना पडवीत टेकल्या. डोक्यावरचे इरले उतरवून भिंतीला लावले आणि चित्राकडे बराच वेळ बघत बसल्या. हेस्टिंग्ज कोण, थर्लो कोण, हे त्यांनी विचारले नाही. बोट खाली नेऊन म्हणाल्या, "ही खालची माणसं कुणाची रं?"

सर मला ही गोष्ट सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज लागला नाही. लंडनमध्ये काचेपुढे उभा राहिलेला माणूस वरच्या दोघांना ओळखण्यासाठी चित्र बघत होता. चित्राची मजा तिथे होती, भांडण तिथे होते. तो हेस्टिंग्जच्या बाजूचा असो की बर्कच्या, खालची प्रेते त्याच्या दृष्टीने पुरावा होती. गिलरेने वरच्या दोघांना त्यांच्या चेहऱ्यांसकट पकडले, खालच्यांना तो ओळखत नव्हता. आम्हीही, मी इतिहासाचा मास्तर असून, इतके दिवस वरच्याच दोघांविषयी बोलत होतो. आजींनी पहिल्याच नजरेत खालून वर बघितले.

तोवर सरांनी ती प्रेते कडेने नुसती रेखून ठेवली होती. मुख्य आकृती आधी, बाकीचे शेवटी, हा नेहमीचा क्रम. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो उलटा केला. थर्लोचा झगा अर्धवट सोडला आणि खालच्या एकेका देहाला बसले. गिलरेने जेवढ्या रेघा दिल्या आहेत तेवढ्याच. कोणाला नवा चेहरा दिला नाही, नाव दिले नाही, पागोटे चढवले नाही. पण एका हाताची बोटे उतरवायला एक सकाळ, एका मानेच्या बाकाला दोन. मी मध्ये एकदा गेलो तेव्हा ते भिंगातून एका पंजाकडे बघत होते आणि त्यांनी मला खुणेनेच बसायला सांगितले. चित्र बदलले नाही. तरी प्रत पुरी झाल्यावर पडवीत येणारा प्रत्येक जण आधी खाली बघतो आणि मग वर, आणि खालून वर गेलेल्या नजरेला खांद्यावरचा तो माणूस अगदी वेगळा दिसतो. बसलेला नव्हे, ओझे झालेला. हे कसे घडले ते मला सांगता येत नाही. रंगाच्या थरांत, की त्या बोटांवर घालवलेल्या सकाळींत, कुठेतरी ते आहे.

या पुस्तिकेच्या पुढच्या पानांत चित्राचे भाग मोठे करून छापले आहेत. त्यांचा क्रमही तोच ठेवला आहे: आधी समुद्र, मग त्यातले देह, मग थर्लोचे पाय, झगा, खांदा, आणि शेवटी हेस्टिंग्ज आणि त्याच्या थैल्या. मुलांना शिकवणाऱ्यांनी कृपा करून पाने उलटी चाळू नयेत.

शीर्षकाची इंग्रजी अक्षरे सरांनी चित्रासारखीच, वळणासकट, उतरवली आहेत. खाली देवनागरीत त्यांनी आणि मी मिळून केलेले शीर्षक आहे: 'गडगडाटाच्या खांद्यावर रक्त, तांबडा समुद्र ओलांडताना'. त्यावर आम्ही तीन आठवडे घालवले आणि 'ओलांडताना' हा शब्द मला अजून पुरता पटलेला नाही. 'उतरून जाताना' हवे होते, कारण नदी पायी पार करण्याला आमच्याकडे उतरून जाणे म्हणतात. सरांना ते लांब वाटले.

१७३५ च्या इंग्रजी कायद्याने अशा चित्रांच्या पायाशी मालकाचे नाव आणि विक्रीला आल्याची तारीख कोरणे भाग होते. म्हणून गिलरेच्या ठशांखाली बारीक अक्षरांची एक ओळ असते. सरांनी ती ओळही जशीच्या तशी काढली. तिच्या खाली बोटभर जागा उरली होती. तिथे त्यांनी त्याच बोरूने, त्याच शाईने लिहिले: मार्गासनी, भाद्रपद. आणि बोरू धुऊन ठेवला.